खाडी बंद होती तो हिवाळा

आमच्या घरात मासा शिजत नसे. कळवणजवळच्या मळ्यात आईच्या चुलीवर अंडंही कधी चढलं नाही. आणि मला नोकरी लागली ती सातपूरच्या एका कारखान्यात, मासळी आणि कोळंबी गोठवायचे मोठे फ्रीझर बनवणाऱ्या. नाशकात रोज ताजी कोळंबी कुठून आणणार? म्हणून आम्ही यंत्राची चाचणी सोललेल्या मटारांवर घ्यायचो. एका टोकाला ओले मटार पट्ट्यावर पडायचे आणि दुसऱ्या टोकाकडून गारांसारखे टणटण उडत बाहेर यायचे. दाणा दाण्याला चिकटला नाही, की यंत्र पास. चाचणीचे मटार आम्ही पिशव्या भरून घरी न्यायचो. बायकोला मटारच्या उसळीचा वीट आला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं एक यंत्र आइसलंडला गेलं, तिथल्या एका गावातल्या कोळंबीच्या कारखान्यात बसवायला. जायचं होतं आमच्या सीनियर इंजिनियरांना, पण ते मोटारसायकलवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला. पासपोर्ट तयार असलेला दुसरा माणूस मीच होतो. बायकोला तेव्हा सहावा महिना लागला होता. "तीन आठवड्यांचं काम आहे, डोहाळजेवणाच्या आधी परत याल," मोठे साहेब म्हणाले.

निरोप घ्यायला कळवणला गेलो. आईनं शेव, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या खारोड्या असं डबे भरभरून दिलं. "तिकडं काय मिळंल ते खा, उपाशी नको राहू," ती म्हणाली, "पण काय खाल्लं ते मला सांगू नको." वडिलांचं बोलणं मोजकंच. त्यांनी विचारलं, "थंडी लय असती का?" मी म्हटलं, लय असती. त्यांनी खुंटीवरची आपली घोंगडी काढून माझ्या पिशवीवर ठेवली.

गाव म्हणजे एका अरुंद, लांबलचक खाडीच्या काठावर घरांची एकच ओळ. दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, वर सपाट, आपल्या सातमाळ्याच्या डोंगरांसारखेच, फक्त एकही झाड नाही आणि पायथ्याला पाणी. गावात एक दुकान, एक शाळा, एक चर्च, आणि धक्क्याला लागून तो कोळंबीचा कारखाना. कारखान्याची मुकादम पन्नाशी ओलांडलेली एक बाई होती. उंच, हाडापेरानं दणकट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. माझी राहायची सोय तिच्याच घरी, माडीवरच्या खोलीत होती. खालच्या खोलीत तिचा मोठा भाऊ राहायचा. त्याची बायको कधीचीच राजधानीत निघून गेली होती, आणि हिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. भाऊबहीण एका घरात राहत, एकाच टेबलावर जेवत. गावातली कोळंबीची मोठी बोट या भावाची. त्यानं पकडायची, तिनं सोलून, शिजवून, गोठवून पाठवायची. दोघांना कामापुरतं इंग्रजी येत होतं, आणि माझंही तितपतच असल्यानं आमचं जमलं.

यंत्र बसवायला त्रास पडला नाही. अमोनियाचे पाइप जोडले, कॉम्प्रेसर चालू केला, आतली हवा हवी तितकी गार झाली. आता उरली होती खऱ्या मालावरची चाचणी. पूर्ण भार देऊन, ताजी शिजवलेली कोळंबी यंत्रातून काढून दाखवायची, मुकादमबाईंनी सही करायची, आणि मी नाशिकची वाट धरायची.

कोळंबीचा हंगाम सुरू होण्याआधी तिथं सरकारी माणूस येऊन खाडी तपासतो. बोट नेहमीच्या जागी जाळं ओढते, आणि जाळ्यात काय आलं ते तो बघतो. हौस म्हणून मीही बोटीवर गेलो आणि निम्मा वेळ कठड्यावर वाकून ओकत होतो. जाळं वर आलं तेव्हा मात्र सगळं विसरलो. गुलाबी कोळंबीचा ढीगच्या ढीग डेकवर ओतला गेला. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

सरकारी माणसानं त्यातली टोपलीभर कोळंबी टेबलावर पसरली आणि बोटांनी निवडायला लागला, आई तांदळातले खडे निवडते तशी. कोळंबीच्या मधूनमधून करंगळीएवढे चंदेरी मासे निघत होते. कॉड माशाची ती पिल्लं होती. जाळ्यात दाबली जाऊन सगळी मेलेली. एका बाजूला त्यांची रास वाढत गेली. त्यानं मोजली, बोट दुसऱ्या जागी नेली, तिथंही तेच. शेवटी तो बोटवाल्याकडे, म्हणजे मुकादमबाईंच्या भावाकडे, बघून काही म्हणाला. बोटवाल्यानं मान हलवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"खाडी बंद," बोटवाला म्हणाला. "पिल्लं फार आहेत. कोळंबी ओढली तर तीही मरतील."

"किती दिवस?"

"ती मोठी होऊन बाहेर जाईपर्यंत."

"म्हणजे किती दिवस?"

त्यानं खांदे उडवले. "ती मला विचारून जात नाहीत."

धक्क्यावर आल्यावर त्यानं जाळं उतरवलं, धुतलं आणि शेडमध्ये टांगून टाकलं. ते टांगलेलं जाळं पुढचे तीन महिने मी रोज बघणार होतो.

साहेबांना फोन लावला. त्यांना वाटलं मी काहीतरी सबब सांगतोय. "समुद्रात मासे नाहीत? अहो, काय बोलताय?" मी म्हटलं, मासे आहेत साहेब, जास्त आहेत म्हणूनच अडचण आहे. ते वैतागले. "हे बघा, सही घेतल्याशिवाय निघू नका. सही न घेता आलात तर मग घरीच बसा." परतीचं तिकीट त्यांच्या हातात होतं.

मी मुकादमबाईंना सुचवलं, मटारवर चाचणी घेऊ. त्या पहिल्यांदाच हसल्या. "आमच्या दुकानात मटार डब्यातलाच मिळतो." शेजारच्या खाडीतून कोळंबी आणायचं ठरलं, तेवढ्यात डोंगरावरून हिमकडा कोसळला आणि रस्ता बंद झाला. रस्ता मोकळा झाला तेव्हा ती खाडीसुद्धा बंद झाल्याचं कळलं. छोटं विमान हवा बरी असली की यायचं, टपाल आणि दूध टाकून जायचं. प्रत्येक वेळी मी खिडकीतून बघायचो ते कसं तिरकं होऊन डोंगराच्या खिंडीतून निघून जातं.

सूर्य आधीच डोंगरामागे गेला होता. तिथं हिवाळ्यात दोन महिने ऊन गावात उतरतच नाही. दुपारी थोडा वेळ आकाश निळसर उजळायचं, बर्फ दिसायचा, की परत अंधार. सकाळी उठलो तरी अंधार, जेवायला बसलो तरी अंधार. मी रोज कारखान्यात जायचो, यंत्र पुसायचो, एकदा रिकामं फिरवायचो, बंद करायचो. बटाटे, भात, ब्रेड आणि त्यांचं ते घट्ट दह्यासारखं काहीतरी, एवढ्यावर दिवस काढत होतो. आईचे डबे नाताळाआधीच संपले. मासा मी खाल्ला नाही. मुकादमबाई दर जेवणाला बशी माझ्याकडे सरकवायच्या, मी मान हलवायचो, त्या बशी परत घ्यायच्या. कोंडलेल्या माणसाला काहीतरी आपलं धरून ठेवावं लागतं, दुसरं काय.

रविवारी सासुरवाडीला फोन करायचो. सासऱ्यांचा गंगापूर रोडच्या पुढे, गोदावरीकाठी फुलांचा मळा. बायको बाळंतपणाला तिथं गेली होती. फोन शेजारच्या किराणा दुकानात. मी आधी करायचो, ठेवायचो, तिला बोलावून आणेपर्यंत थांबून परत करायचो. ती चालत यायची ते तिच्या श्वासावरून कळायचं.

"अहो, कधी येणार?"

"खाडी उघडली की."

"लोक विचारतात हो. मी काय सांगू, माशांची पिल्लं मोठी व्हायचीत म्हणून?"

मागं शेवंतीच्या वेण्यांवरून कुणीतरी भाव करत होतं, ते ऐकत राहिलो.

गाव मात्र माझ्याइतकं शांतही नव्हतं. कारखाना बंद म्हणजे सोलायला येणाऱ्या बायकांना काम नाही. एक तरुण जोडपं नाताळानंतर सामान बांधून, घराला कुलूप घालून राजधानीकडे गेलं. ते घर कुणी विकत घेणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. भाषा कळत नव्हती तरी भांडण कळायला भाषा लागत नाही. मुकादमबाई उभ्या राहून भावाकडे बोट दाखवत बोलत होत्या. घरी आल्यावर त्यांनीच मला सांगितलं. बोटवाल्यानं मागणी केली तर सरकारी माणूस पुन्हा तपासायला येतो. पिल्लं कमी झाली असतील तर खाडी उघडते. पण भाऊ मागणीच करत नव्हता.

"का नाही करत?"

"म्हणतो, काय निघेल ते मला माहीत आहे. उगाच आणखी चार टोपल्या पिल्लं मारायची कशाला." त्यांनी कपबशी आपटली. "माझ्याकडच्या बायका घरी बसल्यात. त्याला काय? त्याला पिल्लांची काळजी."

त्या दिवसापासून भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं. टेबल तेच, माणसं तीन, आणि मध्ये मी. मीठ हवं असलं तर दोघंही माझ्याकडे बघायची. बाहेर अंधार, आत ही शांतता, जिन्यावर पाय वाजला तरी मला अपराध्यासारखं वाटायचं.

जानेवारीत एका दुपारी मी त्याला शेडमध्ये गाठलं. तो इंजिन उघडून बसला होता. मी सरळच बोललो. बायकोला नववा लागलाय. पहिलं बाळंतपण आहे. एकच फेरी मारा, फक्त माझ्या यंत्रापुरती. कोण बघतंय?

"सगळेच बघतात," तो म्हणाला. "गाव केवढंसं आहे."

"तुम्हाला बहिणीचंसुद्धा काही वाटत नाही का?"

हे बोलायला नको होतं. तो हात पुसत उठला, कोट घातला आणि मला म्हणाला, "चल."

आम्ही गाडीतून खाडीच्या तोंडाकडे गेलो, रस्ता जिथपर्यंत उघडा होता तिथपर्यंत. तिथं काठावर एक अवाढव्य पडका कारखाना होता. खिडक्यांना काचा नव्हत्या, आत बर्फ साचला होता, गंजलेल्या टाक्या आमच्या सातपूरच्या शेडएवढ्या. त्याच्या लहानपणी इथं हेरिंग मासळीचं तेल निघायचं. देशभरातून माणसं कामाला येत, झोपायला जागा मिळत नसे. त्याचे वडील इथं बॉयलरवर होते. सगळे ओढत होते, रात्रंदिवस, जेवढं ओढता येईल तेवढं. मग एका वर्षी हेरिंग आलीच नाही. पुढच्या वर्षीही नाही.

"वडील रोज इथं येऊन बॉयलर पुसायचे," तो म्हणाला. "तू पुसतोस ना, तसं."

तो पुढं जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. "मला मास्तर व्हायचं होतं. शहरात शिकत होतो. वडील वारले, बोट आली, घर आलं, बहीण विधवा झाली. मलाही इथून जाता येत नाही. पण अडकलोच आहे तर पाण्यात काही शिल्लक तरी असू दे."

परत येताना मला त्याचा राग आला नाही, असं म्हणणार नाही. आलाच. त्याच्या बापाच्या बॉयलरशी माझ्या बायकोचा काय संबंध, असंच वाटत होतं. पण त्यानंतर पुन्हा फेरीचं नाव काढलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस ऊन परत आलं. डोंगराच्या माथ्यावर एक पिवळी रेघ, मग शाळेचं छप्पर, मग रस्ता. गावाची रीत अशी की त्या दिवशी घरोघर पातळ गोड घावन करतात आणि कॉफीला एकमेकांना बोलावतात. मुकादमबाईंनी घावनांची चळत टेबलावर ठेवली. साखर पेरून एक घावन ताटलीत घेतलं आणि भावापुढं सरकवलं. त्यानं खाल्लं. बोलणं झालं नाही, पण ताटली रिकामी झाली तेव्हा तिनं दुसरं वाढलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रविवार नसताना, मुकादमबाईंच्या घरचा फोन खणखणला. सासरे होते. "मुलगी झाली. दोघी सुखरूप." लाइन कापली गेली. मी रिसीव्हर धरून उभा राहिलो. भाऊबहीण दोघंही दारात येऊन माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. मुकादमबाईंनी मला मिठीत घेतलं, आणि मी, सातपूरचा घोड्याएवढा वाढलेला माणूस, त्यांच्या लोकरीच्या स्वेटरमध्ये तोंड घालून रडलो. आनंदानं किती आणि तिथं नसल्याच्या दुःखानं किती, सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात भावानं तपासणीची मागणी केली. माझ्यासाठी नाही केली. मधल्या काळात तो एकटाच लहान बोट घेऊन जायचा, गळ टाकून बघायचा, पिल्लं खोल पाण्याकडे सरकताहेत असं त्याला दिसलं होतं. सरकारी माणूस आला, जाळं ओढलं, टोपली टेबलावर पसरली. या वेळी चंदेरी मासे तुरळक निघाले. खाडी उघडली.

चाचणीच्या दिवशी सोलणाऱ्या सगळ्या बायका पांढऱ्या टोप्या घालून हजर. पहिलीच कोळंबी यंत्रातून बाहेर आली ती ढेकळासारखी, एकमेकींना चिकटलेली. मटारवर जो वारा पुरायचा तो ओल्या कोळंबीला कमी पडत होता. पंख्यांचा वेग वाढवला, पट्टा हळू केला, परत माल सोडला. थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाकडून कोळंबी सुटी सुटी, टणटण उडत पडायला लागली. मुकादमबाईंनी मूठभर उचलून कानाशी खुळखुळवली आणि सहीसाठी पेन मागितलं. निघताना त्यांनी मुलीसाठी विणलेले लोकरी हातमोजे दिले. नाशिकच्या मार्चमध्ये ते कोण घालणार!

मुलीनं मला पाहून भोकाड पसरलं. कित्येक दिवस ती माझ्याकडे येत नव्हती. बायको म्हणाली, "ओळख व्हायला वेळ लागतो." तिच्या आवाजात राग नव्हता, पण जवळीकही नव्हती. आणि ती परत यायलाही वेळ लागला.

दोन-तीन वर्षांनी सुटे भाग मागवण्यासाठी मुकादमबाईंचा आमच्या कारखान्यात फोन आला, आणि मला जोडून दिला. काम बोलून झाल्यावर मी भावाची चौकशी केली. त्या म्हणाल्या, खाडीत आता कॉड भरपूर झालाय. वाचवलेली पिल्लं मोठी झाली आणि कोळंबी खाऊन बसली. "मग?" मी विचारलं. मग काय, भाऊ आता गळानं कॉड पकडतो, बरा चाललाय त्याचा धंदा. कोळंबीचा कारखाना मात्र आठवड्यातून दोनच दिवस चालतो, पुढच्या वर्षी चालेलच असं नाही. मी विचारलं, तुम्ही त्याच्यावर चिडलात का? "चिडून झालं," त्या म्हणाल्या. "आता त्याचेच मासे साफ करते."

त्याच सुमारास कळवणकडे पावसानं ओढ दिली होती. आमच्या शिवारात सगळे बोअर मारत सुटले होते. एकाचं पाणी खाली गेलं की तो आणखी खोल जायचा, मग शेजारचा त्याच्याही खाली. एका दिवाळीत पारावर बसलो असताना मी विषय काढला. नदीकाठच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्याचे दोन महिने सगळ्यांनी मिळून बंद ठेवायचे, फक्त पिण्यापुरतं घ्यायचं. आइसलंडची गोष्टही सांगितली. लोकांनी ऐकून घेतलं.

"तिकडचं लय येगळं हाय भाऊ," आमचे एक चुलते म्हणाले. "तिकडं एकच बोट. हिकडं घर तितके बोअर."

"आन तू नोकरदार. तुला पगार हाय," दुसरं कुणी बोललं. हेही खरंच होतं.

वडिलांनी मात्र त्या वर्षी उन्हाळी कांदा लावला नाही. हरभरा काढला, रान मोकळं ठेवलं आणि मोटरचा स्टार्टर उतरवून घरात आणून ठेवला. आई कुरकुरली. भावकी हसली. एप्रिलात मी गेलो तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी इतरांच्या इतकंच खाली गेलेलं. कसं न जाणार, चारी बाजूंनी उपसा चालूच होता.

"एकट्यानं थांबून काय उपयोग झाला?" मी विहिरीत वाकून म्हटलं.

वडील काठावर बसून बिडी ओढत होते. "नाय झाला," ते म्हणाले. "मंग काय, आपुनबी ओढायचं?"

त्यांनी पुढच्या वर्षीही कांदा लावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या मळेकऱ्यानं आपली मोटर उन्हाळ्यात महिनाभर बंद ठेवली. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि वडिलांनी विचारलं नाही. बाकीच्यांच्या मोटरी चालू होत्या. दुपारच्या उन्हात त्यांची घरघर सगळ्या शिवारभर ऐकू यायची.